खेळ सर्वांसाठी खुला आहे, पण कागदावरच

"व्हिडिओ गेम म्हणजे टाइमपास. त्यात अपंगांचा हक्क कुठून आला?" यवतमाळच्या एका कार्यकर्त्या मित्राने विचारले. उत्तर आपल्याच इतिहासात आहे.

पळवणकर बाळू यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. पण पुण्यात सवर्ण सहकारी पॅव्हेलियनमध्ये चहा प्यायचे, तेव्हा बाळूंना तो बाहेर, मातीच्या भांड्यात मिळायचा. त्यांना मैदान खुले होते, पंगत नव्हती. त्यांचे बंधू विठ्ठल १९२३ मध्ये हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्याच वर्षी मुंबई कायदे मंडळाने बोले ठराव मंजूर करून सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले. महाड नगरपालिकेनेही तसे ठरवले. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना तळ्यावर जावेच लागले आणि हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडले.

म्हणूनच संविधानाच्या कलम १५(२) मध्ये विहिरी-तलावांसोबत सार्वजनिक करमणुकीची ठिकाणेही नावानिशी लिहिली आहेत. करमणूक क्षुल्लक असती तर ती तिथे आली नसती.

जात आणि अपंगत्व एक नव्हे, हे मान्य. कलम १५ मध्ये अपंगत्वाचा उल्लेखही नाही. ती उणीव २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने बरीच भरली. कलम ४२ आणि ४३ माहिती-तंत्रज्ञान व रोजच्या वस्तू सर्वांना वापरता येण्याविषयी बोलतात. पण ही जबाबदारी सरकारवर आहे. गेम बनवणाऱ्या कंपनीचे नाव त्यात नाही. म्हणजे पुन्हा बोले ठरावाचीच गत!

बहिऱ्या मुलाला शत्रूच्या पावलांचा आवाज ऐकू येत नाही. पडद्यावर खूण दाखवा, तो खेळेल. लाल-हिरवा फरक न कळणाऱ्याला आकार द्या. एका हाताने खेळणाऱ्याला बटणांच्या जागा बदलू द्या.

"खर्च वाढतो," असे म्हणतात. इमारत पूर्ण झाल्यावर रॅम्प ठोकला तर वाढणारच, नकाशातच काढला तर फारसा नाही. "खेळाची मजा जाते," म्हणतात. सोय ऐच्छिक असते, नको त्याने बंद ठेवावी. २०२० च्या 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' या गेममध्ये साठहून अधिक सोयी होत्या. अंध खेळाडूंनीही तो पूर्ण केला आणि डोळस खेळाडूंचे काहीच बिघडले नाही.

छोट्या कंपनीकडून साठ सोयींची अपेक्षा नाही. अक्षरे, रंग, बटणे एवढ्यापासून सुरुवात करावी. पण मोठ्या कंपन्यांवर कायद्याचे बंधन हवे. कुणाच्या दयेवर हक्क मिळत नसतात, हे महाडने शिकवले आहे.

जय भीम!