वजन कमी करण्याच्या ऑपरेशननंतर पोट कसे सांभाळावे?

वजन कमी करण्याचे ऑपरेशन, म्हणजे बॅरिएट्रिक सर्जरी, हा शब्द आता आपल्या घरांतही ऐकू येतो. वाढलेले वजन, डायबेटिस, गुडघेदुखी, झोपेत श्वास अडकणे अशा कारणांनी डॉक्टर हे ऑपरेशन सुचवतात. वजन उतरलेले सगळ्यांना दिसते, पण पोटाची तक्रार फक्त पेशंटलाच कळते. चार घास खाल्ले की पोट गच्च होते, खीर खाल्ली की छाती धडधडते, दूध पचत नाही. अशा वेळी घरचे एकतर घाबरून जातात, नाहीतर "अजून थोडं खा ना" म्हणत ताटात वाढत राहतात. दोन्हीने त्रासच होतो. आम्ही डॉक्टर नाही, शिक्षक आहोत. त्यामुळे औषधाचा सल्ला न देता, कोणता त्रास कशामुळे होतो, घरात काय करता येते आणि कधी दवाखाना गाठायचा, एवढेच इथे समजावून देत आहोत.

पोटात नेमके काय बदलते?

आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकारची ऑपरेशने होतात. 'स्लीव्ह' प्रकारात जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी अरुंद नळी उरते. 'बायपास' प्रकारात जठराच्या वरच्या टोकाला छोटी पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. म्हणजे अन्न कमी मावते आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून पुढे जाते. त्यामुळे बायपासमध्ये जीवनसत्त्वे आणि लोह कमी शोषले जातात. पेशंटचे ऑपरेशन कोणते झाले, हे घरातल्या निदान एका माणसाला तरी नीट माहीत असावे. डिस्चार्जचा कागद जपून ठेवा.

पहिले दोन महिने

सुरुवातीला फक्त पातळ पदार्थ, साधारण दोन आठवड्यांनी मिक्सरमधून काढलेले, मग मऊ शिजवलेले आणि सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचे जेवण, असा क्रम असतो. प्रत्येक हॉस्पिटलचा तक्ता थोडा वेगळा असतो, आपल्याला दिलेला तक्ता पाळायचा. गाळलेली यखनी, पातळ डाळ, ताक हे आपल्या स्वयंपाकघरातलेच पदार्थ यात बसतात. घाई मात्र करू नये, कारण आत टाके भरून येत असतात.

घास अडकणे आणि उलटी

सगळ्यात जास्त दिसणारी ही तक्रार. कारणे बहुतेक वेळा तीनच असतात: भरभर खाणे, मोठा घास आणि जेवताना पाणी पिणे. सुपारीएवढा घास, वीस-पंचवीस वेळा चावणे आणि जेवणाला वीस ते तीस मिनिटे, ही सवय लावावी. पाणी जेवणासोबत नको, जेवणानंतर अर्ध्या तासाने घोट घोट प्यावे. दिवसभरात मिळून दीड लिटर तरी पाणी पोटात गेले पाहिजे. कोरडे चिकन, पाव, नान, चिकट भात हे अडकणारे पदार्थ आहेत. त्याऐवजी मऊ खिमा, रश्शातली मासळी, अंडे, मऊ खिचडी सोपी पडते. पोट भरल्याची जाणीव झाली की ताटात दोन घास उरले तरी थांबायचे.

गोड खाल्ल्यावर धडधड: 'डम्पिंग'

साखर किंवा तळलेले अन्न लहान पिशवीतून झपकन आतड्यात उतरले की आतडे अंगातले पाणी स्वतःकडे ओढून घेते. मग जेवणानंतर दहा ते तीस मिनिटांत पोटात मुरडा, घाम, धडधड, जुलाब, चक्कर असे होते. याला डम्पिंग म्हणतात. दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी होतो. त्यात शरीर जास्त इन्सुलिन सोडते, रक्तातली साखर घसरते आणि हातपाय थरथरतात. हा त्रास बायपासमध्ये जास्त दिसतो, स्लीव्हमध्येही होऊ शकतो.

शिरखुर्मा, फिरनी, सरबत, कोल्ड्रिंक हे यातले नेहमीचे गुन्हेगार. उपाय असा: जेवणात आधी प्रोटीन, मग भाजी, शेवटी थोडा भात किंवा भाकरी. गोड प्यायचे टाळायचे. दिवसातून दोनदा पोटभर जेवण्याऐवजी पाच-सहा वेळा थोडे थोडे खायचे. पहिल्या प्रकारचा त्रास सुरू झालाच तर थोडा वेळ आडवे पडल्याने बरे वाटते. साखर वारंवार घसरत असेल, विशेषतः पेशंट डायबेटिसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असेल, तर डॉक्टरांकडून डोस लगेच तपासून घ्या. जुना डोस आता जास्त होऊ शकतो.

दूध, गॅस, जुलाब, बद्धकोष्ठता

ऑपरेशननंतर काही जणांना दुधातली साखर पचत नाही. दूध प्यायल्यावर पोट फुगत असेल तर दही किंवा ताक घेऊन पाहावे. तेलकट खाल्ल्यावर पातळ, चिकट, दुर्गंधी शौच होत असेल तर चरबी नीट पचत नाही असे समजावे आणि डॉक्टरांना सांगावे. लाजून लपवू नये. याउलट खाणे-पाणी कमी झाल्याने आणि लोहाच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठताही होते. पाणी, चालणे, शिजवलेली भाजी, पपई यांनी फरक पडतो. जुलाबाची औषधे मनाने घेऊ नयेत.

जळजळ आणि पित्ताचे खडे

स्लीव्हनंतर काहींना छातीत जळजळ वाढते. रात्रीचे जेवण झोपण्याच्या दोन-तीन तास आधी उरकावे. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होऊ शकतात. उजव्या बरगडीखाली जेवणानंतर कळ येत असेल तर सोनोग्राफी करावी लागते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या दुखण्याच्या गोळ्या बायपासनंतर अल्सर करू शकतात, तंबाखू आणि सिगारेटही तसेच. अंग दुखले म्हणून मेडिकलमधून गोळी आणण्याची सवय इथे महागात पडते.

गोळ्या आयुष्यभर

मल्टिव्हिटॅमिन, बी-12, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व या गोळ्या "आता बरं वाटतंय" म्हणून बंद करायच्या नसतात. लोह आणि कॅल्शियम यांच्यात दोन तासांचे अंतर ठेवावे. लोहाच्या गोळीसोबत चहा नको. बऱ्याच कॅप्सूलचे कवच जिलेटीनचे असते. त्याबद्दल मनात शंका असेल तर औषध सोडू नका. डॉक्टरांकडून तेच औषध गोळीच्या किंवा वनस्पतीजन्य कवचाच्या रूपात मागून घ्या. रक्ततपासणी ठरलेल्या वेळी करावी. प्रोटीन दिवसाला 60 ग्रॅमच्या आसपास तरी लागते. ते कमी पडले तर अशक्तपणा येतो, केस गळणेही वाढते.

रोजा आणि दावत

पहिल्या काही महिन्यांत रोजा ठेवला तर पाणी आणि प्रोटीन दोन्ही कमी पडतात, कारण पेशंट इफ्तारनंतर एकदम पाणी पिऊन भरपाई करू शकत नाही. म्हणून बरेच सर्जन पहिले वर्षभर थांबायला सांगतात. आजारी माणसाला रोजे पुढे भरून काढण्याची सवलत सूरह बकराच्या 184 आणि 185 या आयतींत आहे. डॉक्टरांचे मत घेऊन आलिमांना विचारा. नंतर रोजा ठेवायची परवानगी मिळाली तरी इफ्तारला सरबताचा ग्लास आणि भजी नकोत. साध्या पाण्याचे घोट, फार तर अर्धी खजूर, मग थोड्या वेळाने प्रोटीन.

लग्नाच्या दस्तरखानावर मेहमाननवाजी म्हणून आग्रह होतो. तिथे पेशंटला एकटे पाडू नका. घरातल्या मोठ्यांनीच "त्यांना आग्रह करू नका" असे एकदा सांगितले की विषय संपतो. ज्याचे पोट लहान झाले आहे त्याला कमी वाढणे ही कंजूसी नाही, काळजी आहे.

हे दिसले तर वाट पाहू नका

ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यांत ताप, नाडी जोरात, पोट किंवा खांदा दुखणे. पाण्याचा घोटही न टिकणे. काळी किंवा रक्ताची शौच. बायपासनंतर, अगदी काही वर्षांनीही, पोटात अचानक उठणारी तीव्र कळ. यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवावी. उलट्या काही दिवस थांबत नसतील आणि सोबत दोन-दोन दिसणे, तोल जाणे, गोंधळल्यासारखे वागणे दिसले, तर शरीरात बी-1 जीवनसत्त्व संपत आल्याची शक्यता असते. उशीर झाला तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. वेळेत इंजेक्शन मिळाले तर ती टाळता येते. "ऑपरेशननंतर उलट्या होतातच" असे म्हणत घरी बसू नका. दवाखान्यात पोचल्यावर पहिले वाक्य हेच सांगा: यांचे वजन कमी करायचे ऑपरेशन झाले आहे.