डार्विनच्या फुलामागचा पाद्री

डार्विन आणि मादागास्करच्या ऑर्किडची गोष्ट तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकली असेल. १८६२ च्या जानेवारीत डार्विनकडे एक खोका आला. पाठवणारा होता जेम्स बेटमन, त्या काळचा नावाजलेला ऑर्किडप्रेमी. आत मेणासारखी पांढरी, चांदणीच्या आकाराची फुलं होती आणि प्रत्येक फुलाच्या मागे एक लांबलचक हिरवट नळी लोंबत होती. डार्विनने मोजली तर साडेअकरा इंच, आणि मध फक्त तळाच्या दीड इंचात. इतक्या खोलवर पोचणारं कोण? डार्विनने त्याच वर्षी ऑर्किडवरच्या पुस्तकात लिहून टाकलं की मादागास्करमध्ये दहा-अकरा इंच लांब सोंडेचा पतंग असलाच पाहिजे. कीटकतज्ज्ञांनी थट्टा केली, पण १९०३ मध्ये तसा पतंग शास्त्रीय नावानिशी नोंदवला गेला.

ही गोष्ट सांगताना आपण एक पायरी गाळतो. खोका डार्विनच्या टेबलावर आला हे सगळे सांगतात, पण मादागास्करच्या किनाऱ्यावरच्या जंगलातलं हे ऑर्किड इंग्लंडमध्ये जिवंत पोचून फुललं कसं, हे फारसं कुणी विचारत नाही. त्याचं उत्तर शोधताना गाठ पडते विल्यम एलिस या माणसाशी. धंद्याने मिशनरी, शिक्षणाने माळी.

'शिक्षणाने माळी' हे मी मुद्दाम म्हणतेय. एलिसचा जन्म १७९४ चा, लंडनमधल्या कष्टकरी घरातला. पोरवयातच तो बागकामाला लागला. आधी नर्सरीत, मग श्रीमंतांच्या बागेत. तिथून तो लंडन मिशनरी सोसायटीकडे गेला आणि १८१५ मध्ये त्याला दीक्षा मिळाली. पुढच्याच वर्षी बायको मेरीसोबत तो दक्षिण समुद्रातल्या बेटांकडे निघाला. मिशनला असे हातकाम येणारे लोक हवेच असायचे. ताहितीजवळच्या मोरेआ बेटावर त्याने १८१७ मध्ये छापखाना सुरू केला. पहिले खिळे जुळवले ते खुद्द राजा पोमारे दुसरा याने. फळझाडं आणून लावणं, रोपं जगवणं हेही चालूच होतं.

तिथून तो हवाईला गेला. तिथे त्याचे सोबती होते अमेरिकन बोर्डाचे मिशनरी. हे नाव आपल्याला अगदी परकं नाही. याच बोर्डाने १८१३ मध्ये मुंबईला माणसं पाठवली आणि त्यातून पुढे अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. छापखाना, शाळा, स्थानिक भाषेचं व्याकरण आणि जोडीला आसपासच्या निसर्गाच्या नोंदी, असा कामाचा साचा त्या काळात मुंबईपासून हवाईपर्यंत दिसतो. १८२३ मध्ये एलिसने हवाई बेटाला फेरी मारली. किलाउएआ ज्वालामुखीचं त्याने केलेलं वर्णन हे युरोपीय माणसाने डोळ्यांनी पाहून लिहिलेल्या सगळ्यात आधीच्या वर्णनांपैकी आहे.

मेरीच्या आजारपणामुळे तो परत आला. १८३५ मध्ये ती गेली. १८३७ मध्ये त्याने सारा स्टिकनीशी लग्न केलं. ही सारा म्हणजे व्हिक्टोरियन काळात स्त्रियांच्या वागणुकीवर पुस्तकं लिहून घराघरात पोचलेली लेखिका. दोघांनी हर्टफर्डशरमधल्या हॉडेस्डन गावी संसार थाटला. तिने मुलींची शाळा चालवली. त्याने सोसायटीची कामं सांभाळली आणि काचघरात ऑर्किड वाढवली. इथवर एलिस म्हणजे निवृत्तीकडे झुकलेला, बागेत रमणारा पाद्रीबुवा वाटतो. मादागास्करचा भाग यानंतरचा आहे, आणि तो जास्त गुंतागुंतीचा आहे.

मादागास्करमध्ये सोसायटीचं काम १८१८ पासून होतं. पण राणी रानावालोना पहिली हिने १८३५ मध्ये आपल्या प्रजेला ख्रिस्ती धर्म पाळायला बंदी केली. मिशनऱ्यांना जावं लागलं. मागे राहिलेल्या धर्मांतरितांपैकी कित्येकांना गुलामी भोगावी लागली, काहींना मृत्युदंड झाला. मिशनच्या लिखाणात राणी क्रूर आणि लहरी दिसते. त्या शिक्षा खऱ्याच होत्या. पण परकीयांबद्दलचा तिचा संशयही हवेतला नव्हता. १८४५ मध्ये इंग्रज आणि फ्रेंच जहाजांनी मिळून तामाताव्ह बंदरावर तोफा डागल्या होत्या. त्यानंतर तिने मॉरिशसला जाणारी गुरं आणि तांदूळ थांबवला. शेवटी १८५३ मध्ये मॉरिशसच्या व्यापाऱ्यांनी १५,००० डॉलर भरपाई दिली, तेव्हा बंदर पुन्हा उघडलं.

त्याच वर्षी एलिस तिथे पोचला. वय जवळजवळ साठ. सोसायटीला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या होत्या: आपले लोक कसे आहेत, आणि परत यायला वाव आहे का. उघडपणे धर्मप्रचार करायची तर सोयच नव्हती. १८५३ आणि १८५४ मध्ये त्याला राजधानीत जायची परवानगी मिळाली नाही. किनाऱ्यावर थांबावं लागलं, आणि त्या थांबण्यात त्याने दोन कामं केली. त्याने सोबत आणलेल्या कॅमेऱ्यातून फोटो काढले आणि वनस्पती जमवल्या.

माझं म्हणणं असं की त्याच्या वनस्पती गोळा करण्याला 'फावल्या वेळेतला छंद' म्हणून मोकळं होता येत नाही. विचार करा: पाद्र्यांना बंदी असलेल्या देशात एक म्हातारा इंग्रज फिरतोय, लोकांशी बोलतोय, घरात बसतोय. तो काय करतोय याचं सगळ्यांना पटेल असं, डोळ्यांना दिसणारं कारण लागतं. झाडं आणि फोटो हे ते कारण होतं. म्हणजे छंद खोटा होता असं नाही. ज्याने उमेदीची वर्षं नर्सरीत घालवली त्याला झाडांचं वेड होतंच. पण ते वेड तिथे उपयोगालाही आलं. छंद आणि कामगिरी या दोन वेगळ्या खणांत ठेवायची सवय आपली आहे, त्याची नव्हती.

१८५६ मध्ये अखेर परवानगी आली. तामाताव्हपासून अंतानानारिव्होपर्यंत गाडीरस्ता नव्हता. शत्रूला सैन्य आणणं सोपं होऊ नये म्हणून राज्यकर्त्यांनी तो होऊच दिला नव्हता. पाहुणा खांद्यावरच्या पालखीत, सामान हमालांच्या डोक्या-खांद्यावर, आणि वाट जंगलातून चढणीची. एलिस राजधानीत महिनाभर राहिला आणि परतला. दोन वर्षांनी त्याचं तीन मादागास्कर-भेटींवरचं पुस्तक निघालं.

आता फुलाकडे येऊ. हे ऑर्किड एलिसने 'शोधलं' असं म्हणणं चुकीचं ठरेल. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ द्यू पेती-थुआर याने ते १७९८ मध्येच पाहिलं होतं आणि १८२२ मध्ये त्याचं वर्णन छापलं. आंग्रेकम सेस्क्विपेदाले या नावातला पहिला शब्द ऑर्किडसाठी असलेल्या मलाय शब्दावरून आलाय आणि दुसऱ्याचा अर्थ 'दीड फुटी'. मग एलिसने काय केलं? त्याने ते जिवंत आणलं. १८५७ मध्ये इंग्लंडच्या काचघरात ते पहिल्यांदा फुललं.

हा फरक किरकोळ नाही. कागदावर दाबून वाळवलेल्या फुलात नळी दिसते, मोजताही येते. पण मध नेमका कुठपर्यंत भरलाय हे कळत नाही. डार्विनने ताज्या फुलाच्या नळीत बारीक कांड्या सरकवून पाहिल्या आणि परागांचे गोळे कशाने बाहेर निघतात ते तपासलं. वाळक्या नमुन्यावर हा प्रयोग होऊच शकत नाही. समुद्रावरचे कित्येक आठवडे झाडावर वाढणारं ऑर्किड जगवायचं तर ऊन, खारा वारा, पाणी या सगळ्याचा अंदाज हातात लागतो. माळ्याचा हात म्हणतात तो हाच. एलिसने मादागास्करची जाळीदार पानांची पाणवनस्पतीही अशीच जिवंत नेली, आणि तीही इंग्लंडमध्ये नवलाचा विषय झाली.

गंमत पुढे आहे. ड्यूक ऑफ आर्गाइलने हेच ऑर्किड निर्मात्याच्या योजनेचा पुरावा म्हणून मांडलं. त्याला १८६७ मध्ये वॉलेसने उत्तर दिलं: फुलाची नळी आणि पतंगाची सोंड एकमेकांच्या ओढीने पिढ्यानुपिढ्या लांबत जातात, त्यासाठी वेगळी योजना लागत नाही. आफ्रिकेतल्या एका पतंगाची सोंड साडेसात इंच भरते, तेव्हा मादागास्करमध्ये शोधा, सापडेल, असंही त्याने ठामपणे लिहिलं. १९०३ मध्ये रॉथ्सचाइल्ड आणि जॉर्डन यांनी त्या पतंगाला प्रेडिक्टा, म्हणजे 'भाकीत केलेला', असं नाव दिलं. २०२१ मध्ये तो स्वतंत्र प्रजाती म्हणून मान्य झाला. एका मिशनऱ्याने आणलेलं फूल असं नैसर्गिक निवडीच्या बाजूने उभं राहिलं. (आपल्या कासच्या पठारावर पावसाळ्यात हबेनारियाची पांढरी फुलं दिसली तर मागे लोंबणारी बारीक शेपटी बघा. तीही मधाचीच नळी आहे.)

एलिस मात्र पुन्हा मिशनच्या कामाला गेला. १८६१ मध्ये राणी वारली, तिचा मुलगा रादामा दुसरा गादीवर आला आणि बंदी उठली. १८६२ मध्ये एलिस अंतानानारिव्होला पोचला. पुढच्याच वर्षी रादामाचा खून झाला, तरी तो १८६५ पर्यंत टिकून राहिला. जिथे ख्रिस्ती लोकांना मारलं गेलं तिथे स्मारक-चर्च बांधायची कल्पना त्याचीच. १८७२ च्या जूनमध्ये तो गेला आणि आठवड्याभरात सारासुद्धा.

मादागास्करच्या एका देखण्या ऑर्किडला लिंडलीने 'एलिसी' असं नाव दिलं. आज ते ग्रामांगिस एलिसी म्हणून ओळखलं जातं. नाव योग्यच आहे. पण ते वाचताना मला त्या वाटेवरच्या हमालांची आठवण होते. पालखी त्यांनी उचलली, सामानही त्यांनीच वाहिलं. जंगलाची वाट परदेशी माणसापेक्षा त्यांना ठाऊक होती. लॅटिन नावात एकाच माणसाला जागा असते. आमचं काम असं की पुस्तकातल्या 'आम्ही निघालो', 'रोपं आणली' अशा वाक्यांपाशी थांबायचं आणि विचारायचं: इथे नक्की कोण निघालं, आणि कुणाच्या खांद्यावर?