पहिले क्रेडिट कार्ड : पतइतिहास नसलेल्यांसाठी

पहिले क्रेडिट कार्ड : आजवर कर्ज, हप्त्यावरची खरेदी किंवा कार्ड यांपैकी काहीच नावावर नसलेल्या व्यक्तीला मिळणारे उधारीचे पहिले खाते. अशा व्यक्तीचा सिबिल या पतमाहिती कंपनीकडचा अहवाल काढला, तर 300 ते 900 यांमधला आकडा दिसत नाही. त्या जागी ‘एनएच’ किंवा उणे एक असा शेरा येतो. लोक त्यालाही ‘सिबिल खराब’ म्हणून मोकळे होतात आणि गफलत इथेच होते. खराब अहवालात बुडवलेल्या हप्त्यांचा पुरावा असतो. कोऱ्या अहवालात कसलाच पुरावा नसतो. पहिले कार्ड हे मुख्यतः तो पुरावा उभा करण्याचे साधन आहे, आणि या कामाला मुदत ठेवीवर मिळणारे लहान मर्यादेचे कार्ड बाकीच्या वाटांपेक्षा सरस ठरते, असे या नोंदीचे प्रतिपादन आहे.

भारतात कर्जदाराची माहिती एका ठिकाणी साठवण्याची व्यवस्था तशी अलीकडची आहे. एन. एच. सिद्दिकी यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाच्या शिफारशीनंतर 2000 साली सिबिलची स्थापना झाली आणि 2005 च्या कायद्याने पतमाहिती कंपन्यांना कायद्याची चौकट मिळाली. आज सिबिलखेरीज इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि सीआरआयएफ हाय मार्क अशा आणखी तीन कंपन्या आहेत. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट मिळतो. ही व्यवस्था येण्याआधी गावच्या शाखेतला मॅनेजर घराणे, शेत, दुकान ओळखून कर्ज देई. बंगळुरूसारख्या शहरात त्या ओळखीचा उपयोग संपतो. सांगलीहून, सोलापुराहून किंवा बेळगावहून इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला आलेल्या मुलाच्या आधारवर गावचा पत्ता असतो, राहणे व्हाइटफील्डच्या एखाद्या पीजीत असते आणि नावावर ना वीजबिल ना भाडेकरार. पत्त्याचा अडसर आता बराच हलका झाला आहे, कारण आधारवरून केवायसी करताना सध्याचा पत्ता स्वयंघोषणेने देता येतो. पगार ज्या बँकेत जमा होतो, ती बँक काही महिने जमा पाहून आपणहून कार्ड देऊ करते, हेही खरे. पण कंत्राटी कामगार, घरपोच जेवण पोहोचवणारा, विद्यार्थी, नुकताच स्वतःचा धंदा सुरू केलेला माणूस यांना हा दरवाजा उघडत नाही. त्यातच नोव्हेंबर 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांच्या कार्ड-उधारीचा जोखीमभार 125 वरून 150 टक्क्यांवर नेला. म्हणजे विनातारण उधारीमागे बँकेला जास्त भांडवल अडकवावे लागते. अशा वेळी अनोळखी अर्जदाराबाबत हात आखडणे ओघानेच आले.

ही पोकळी भरून काढायचा सर्वांत धाडसी प्रयोग बंगळुरूतच झाला. स्लाइस आणि युनी या इथल्या कंपन्यांनी पतइतिहास नसलेल्या तरुणांना झटपट कार्डे दिली. दिसायला ती क्रेडिट कार्डासारखी होती. आत मात्र प्रीपेड कार्ड होते आणि त्यात वित्तकंपनीच्या उधारीतून पैसे भरले जात. 20 जून 2022 रोजी रिझर्व्ह बँकेने बिगरबँक कंपन्यांच्या प्रीपेड साधनांत उधारीचे पैसे भरण्यास मनाई केली आणि या कार्डांचा पायाच निखळला. पुढे स्लाइसने नॉर्थ ईस्ट स्मॉल फायनान्स बँकेशी विलीनीकरण करून 2024 मध्ये बँकेचा रीतसर मार्ग धरला. या कंपन्यांनी ओळखलेली गरज खरी होती, याबद्दल शंका नाही. पण नवख्या माणसाने ज्या खात्यावर आपली पत उभारायची, ते खाते नियमाच्या फटीत उभे असून चालत नाही. आपल्याला मिळते आहे ते बँकेचे कार्ड की वित्तकंपनीचे कर्ज, हे घेण्यापूर्वी विचारलेच पाहिजे.

ठेवीवरचे कार्ड या कसोटीला उतरते. समजा 20,000 रुपयांची एफडी केली. बँक तिच्यावर लिएन लावते, म्हणजे ती तारण म्हणून अडकवून ठेवते, आणि 80 टक्क्यांच्या हिशेबाने 16,000 रुपयांची मर्यादा देते. पगारपत्रक सहसा मागत नाहीत. ठेवीवर व्याज चालूच राहते. पतमाहिती कंपनीकडे मात्र हे खाते इतर कार्डांसारखेच दर पंधरवड्याला कळवले जाते (2025 पासून महिन्याऐवजी पंधरवडा झाला), आणि साधारण सहा महिन्यांच्या नोंदींनंतर स्कोअर तयार होतो. खर्च मर्यादेच्या 30 टक्क्यांच्या आत, म्हणजे इथे 4,800 रुपयांपर्यंत ठेवावा, असा जाणकारांचा संकेत आहे. रुपे कार्ड यूपीआयला जोडले तर दर्शिनी उपाहारगृहातल्या खारा भाताचे पैसेही क्यूआर स्कॅन करून याच खात्यातून देता येतात, त्यामुळे नोंद होण्यासाठी मुद्दाम काही विकत घ्यावे लागत नाही. धोका आहे तो ‘मिनिमम ड्यू’ या रकान्यात. समजा 40,000 रुपये थकले, महिना साडेतीन टक्के व्याज लागले आणि किमान रक्कम 5 टक्के ठरली. व्याज 1,400, त्यावर 18 टक्के जीएसटी 252. भरलेल्या 2,000 रुपयांपैकी मुद्दल फिटते फक्त 348. शिवाय नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. व्याजावर 30 टक्क्यांची मर्यादा घालणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा 2008 चा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये रद्द केला, त्यामुळे त्या आधारावरही आता विसंबता येत नाही. स्टेटमेंटची पूर्ण रक्कम मुदतीत भरणे एवढा एकच नियम पाळला तरी पुरतो.

स्वतःचेच पैसे अडकवून उधारी कसली, हा पहिला आक्षेप. पण अडकलेले पैसे व्याज मिळवतात आणि खाते बंद केल्यावर परत मिळतात. बदल्यात जी नोंद होते ती पैसे देऊनही विकत मिळत नाही. वडिलांच्या कार्डावरचे ॲड-ऑन कार्ड ही त्याहून सोपी वाट वाटते, पण देण्याची जबाबदारी मूळ कार्डधारकाची असल्याने मुलाचा अहवाल त्यातून सहसा भरत नाही. चार बँकांत एकदम अर्ज टाकणे तर नुकसानीचेच, कारण प्रत्येक चौकशी अहवालात उमटते. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे : आयुष्यभर कर्ज न काढता, भाडे वेळेवर देऊन काटकसरीने राहिलेल्या माणसाला व्यवस्थेने अनोळखी का ठरवावे? हा आक्षेप बरोबर आहे आणि नियामकानेही तो अंशतः मान्य केला आहे. केवळ पतइतिहास नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेच्या 6 जानेवारी 2025 च्या निर्देशांत आहे. कार्डाचा अर्ज नाकारला तर मुख्य कारण लेखी कळवण्याचे बंधन आधीपासूनच आहे. अर्जदाराने ते पत्र हक्काने मागावे. खात्यातली जमा-खर्चाची माहिती ग्राहकाच्या संमतीने बँकेपर्यंत नेणारी अकाउंट एग्रिगेटर व्यवस्था 2021 पासून सुरू आहे, आणि तिच्याच धर्तीच्या युनिफाइड लेंडिंग इंटरफेसची घोषणा ऑगस्ट 2024 मध्ये बंगळुरूच्याच परिषदेत झाली. या माहितीवर बँक कर्ज मंजूर करू शकते. मात्र वेळेवर दिलेले पीजीचे भाडे सिबिलच्या स्कोअरमध्ये आपोआप धरले जात नाही.