भात्याचे वंशज

दसरा आला की आमच्या कृष्णाकाठी साखर कारखान्यांच्या बॉयलरचे अग्निप्रदीपन होते. पूजा होते, नारळ फुटतो आणि सर्वांच्या माना उंच धुराड्याकडे वळतात. बॉयलर आणि धुराडे यांच्यामधल्या लोखंडी मार्गात हातभर कापडाची एक पट्टी असते, तिच्याकडे कोणी पाहत नाही. मीही पाहिले नसते. पण माझे थोरले मामा सांगली जिल्ह्यातल्या एका कारखान्यात बॉयलरवर होते आणि ऑफ सीझनला ती पट्टी शिवणे हे त्यांचे काम होते.

लोखंडात कापड कशाला? मामा सांगत, तापले की लोखंड वाढते. दहा मीटर लांबीचा धुराचा मार्ग २५० अंशांनी तापला, तर तो तीन सेंटिमीटर लांबतो. दोन्ही टोके जखडली तर पत्रा फुगतो, बोल्ट तुटतात. म्हणून मध्ये घडी पडेल असा मऊ सांधा. मामा त्याला ‘बेलो’ म्हणत. या शब्दाचे मूळ भात्यात आहे, हे मला मास्तर झाल्यावर उमगले.

आणि ते किती खरे! लोहाराच्या भात्याचे चामडे हाच हवेच्या वाटेवरचा आपला जुना लवचिक सांधा. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, तिथून लोखंडी नांगर निघू लागले. तरी गावोगावी फाळ तापत होता तो भात्यावरच. पण चामडे गार हवेला ठीक, तापल्या धुरापुढे ते करपणार. तिथे आला अ‍ॅस्बेस्टॉस, कापसासारखा पिंजता येणारा दगड!

मामा लिंबाखाली बसून दाभणाने तो शिवत. मिशांवर पांढरी कुसे असत. उरलेला तुकडा घरी येई आणि मामी त्याने चुलीवरची कढई उतरवी.

तिकडे इंग्लंडात रॉचडेलला अ‍ॅस्बेस्टॉसचे सूत कातणारी नेली केर्शॉ १९२४ सालीच फुप्फुसे निकामी होऊन वारली होती. १९३१ मध्ये तिथे या धुळीविरुद्ध नियम झाले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अशा कामगारांचे आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला तो १९९५ साली. मामांपर्यंत यातले काही पोचले नाही.

पुढे काचेच्या धाग्यांचे कापड आले. त्यावर १९३८ साली प्लंकेट यांना अवचित सापडलेल्या टेफ्लॉनचा लेप. कराडजवळच्या ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ कंदील मामांच्या घरी वर्षानुवर्षे होता. ते नवे कापड हाती आले तेव्हा ते म्हणाले, “कंदिलाची काच सुताला आली की रे!”

शेवटची वर्षे ते रात्रभर खोकत. डॉक्टरांनी दमा लिहिला. काम कोणते केलेत, हे कोणी विचारले नाही.

गेल्या दिवाळीत मामी चकलीची कढई उतरवत होती. हातात तोच तुकडा, कडा विरलेल्या. मी तो ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत बांधला.

“अरे, राहू दे,” मामी म्हणाली, “त्यांच्या हातचं आहे ते.”