चेंडूतील हवा

चेंडूतील हवा : फुटबॉल, व्हॉलीबॉल, बास्केटबॉल, रग्बी इ. खेळांत वापरल्या जाणाऱ्या पोकळ चेंडूत दाबाखाली कोंडलेली हवा. अशा चेंडूची उसळी, वेग, कठीणपणा व आकार ही सर्व मुख्यत्वे या हवेवर अवलंबून असतात. म्हणून चेंडूत हवा भरणे ही जशी एक कला आहे, तशीच ती योग्य प्रमाणात व चेंडूला इजा न होता बाहेर काढणे ही देखील आहे. हवा भरण्याच्या साधनांचा इतिहास बराच ज्ञात आहे. हवा काढण्याच्या क्रियेकडे मात्र एकविसाव्या शतकातील एका वादापर्यंत फारसे कोणाचे लक्ष गेले नव्हते. वस्तुतः या दोन क्रियांचा विकास बरोबरीनेच झालेला आहे.

प्राचीन व मध्ययुगीन काळ : हवा भरलेला चेंडू प्राचीन रोममध्ये प्रचारात होता. ‘फॉलिस’ या नावाचा हा मोठा व हलका चेंडू मुलांना व वृद्धांना खेळण्यास योग्य असल्याचा उल्लेख पहिल्या शतकातील लॅटिन कवी मार्शल याच्या सुभाषितवजा कवितांत आढळतो. चीनमध्ये ‘त्सू-ज्यू’ हा पायाने चेंडू खेळण्याचा प्रकार फार जुना आहे. त्यातील चेंडू आरंभी केस, पिसे यांसारख्या पदार्थांनी ठासून भरलेला असे. तांग राजवटीत (६१८–९०७) त्याऐवजी आत हवेची पिशवी असलेला चेंडू रूढ झाला. इटलीतील ‘पाल्लोने’ या खेळाचा चेंडूही हवेचाच असे. आंतोन्यो स्काइनो याने १५५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चेंडूच्या खेळांवरील ग्रंथात या प्रकाराचे विवेचन केलेले आहे.

या चेंडूंत हवा धरून ठेवण्यासाठी सामान्यतः जनावराचे, विशेषतः डुकराचे, मूत्राशय वापरीत आणि त्यावर कातड्याचे आवरण शिवीत. स्कॉटलंडमधील स्टर्लिंग येथील किल्ल्यात राणीच्या दालनाच्या छतामागे सापडलेला सोळाव्या शतकातील चेंडू याच पद्धतीचा आहे. आज उपलब्ध असलेल्या फुटबॉलसदृश चेंडूंपैकी तो सर्वांत जुना मानला जातो. मूत्राशय तोंडाने फुगवून त्याचे तोंड दोऱ्याने घट्ट बांधण्यात येई. एकदा बांधलेली हवा कमी करावयाची झाल्यास गाठ सोडण्यावाचून दुसरा उपाय नसे आणि ती सोडली, की सर्व हवा निघून जाई. हवेचे प्रमाण थोडेसे कमी करणे ही गोष्ट त्या काळी जवळजवळ अशक्यच होती. शिवाय मूत्राशय वाळले म्हणजे ठिसूळ होई व दाब वाढताच फाटे. चेंडूचा आकारही मूत्राशयाच्या आकारावर अवलंबून असल्याने तो क्वचितच नेमका गोल होई.

रबराचा उपयोग : अमेरिकन संशोधक चार्ल्स गुडइयर याने १८३९ मध्ये गंधकाच्या साहाय्याने रबर पक्के करण्याची, म्हणजे व्हल्कनीकरणाची प्रक्रिया शोधून काढली व १८४४ मध्ये तिचे एकस्व मिळविले. या शोधामुळे उन्हाळ्यात न चिकटणारे व थंडीत न तडकणारे रबर उपलब्ध झाले. इंग्लंडमधील रग्बी या गावी रिचर्ड लिंडन (१८१६–८७) व विल्यम गिल्बर्ट हे चर्मकार तेथील प्रसिद्ध विद्यालयासाठी चेंडू तयार करीत. मूत्राशये ओली असतानाच मातीच्या चिलमीची नळी लावून तोंडाने फुगविण्याचे किळसवाणे काम लिंडनची पत्नी करीत असे. रोगट जनावरांची मूत्राशये फुगविल्यामुळे तिला फुप्फुसाचा विकार जडला व त्यातच तिचा अंत झाला, असे सांगितले जाते. लिंडनने १८६२ च्या सुमारास मूत्राशयाऐवजी रबरी पिशवी वापरण्यास सुरुवात केली. परंतु ही पिशवी तोंडाने फुगविणे कठीण जाई, म्हणून कान धुण्याच्या पिचकारीच्या धर्तीवर त्याने पितळी हातपंप तयार केला. अशा रीतीने फुगविणाऱ्याच्या श्वासाचा व चेंडूतील हवेचा संबंध तुटला. आरोग्याच्या दृष्टीने ही सुधारणा फार मोठी होती.

वादीचा चेंडू : रबरी पिशवी (ब्लॅडर) आत घालण्यासाठी कातडी आवरणाला एक फट ठेवावी लागे. पिशवीची लांब मान या फटीतून बाहेर काढून पंपाने हवा भरीत, मान दुमडून दोऱ्याने बांधीत, ती आत सारीत आणि फट चामड्याच्या वादीने आवळीत. हवा काढताना हाच क्रम उलटा करावा लागे. प्रथम वादी आकड्याने सैल करावयाची, मान हळुवारपणे बाहेर ओढावयाची, दोरा सोडावयाचा व मान चिमटीत धरून हवा बेताबेताने जाऊ द्यावयाची. घाई केल्यास आकड्याचे टोक पिशवीत घुसून ती निकामी होई. भारतातही अशा चेंडूंचा वापर दीर्घकाळ होत होता. वादीची गाठ चेंडूच्या पृष्ठावर उंचवट्यासारखी राही. त्यामुळे चेंडू डोक्याने मारताना कपाळाला जखम होण्याचा धोका असे आणि जमिनीवर चेंडूची उसळीही वेडीवाकडी होई.

हा दोष अर्जेंटिनातील बेल व्हिले या गावच्या तोस्सोलिनी, व्हाल्बोनेसी व पोलो या तिघांनी १९३० च्या सुमारास दूर केला. त्यांनी पिशवीला लहानशी झडप (व्हॉल्व्ह) बसविली व ती आवरणातील बारीक छिद्राशी जुळविली. हवा पोकळ सुईने भरता येऊ लागल्यामुळे फटीची व वादीची गरज उरली नाही. ब्राझीलमधील १९५० च्या जागतिक फुटबॉल स्पर्धेत याच प्रकारचा बिनवादीचा चेंडू वापरण्यात आला. सुईच्या झडपेचा एक महत्त्वाचा परिणाम म्हणजे चेंडूतील हवा थोडीथोडी कमी करणे शक्य झाले. भरणे व काढणे या दोन्ही क्रिया एकाच छिद्रातून व एकाच साधनाने होऊ लागल्या. पुढे ब्यूटिल रबराच्या पिशव्या प्रचारात आल्या. १९३७ मध्ये शोधल्या गेलेल्या या संश्लिष्ट रबरातून हवा फार सावकाश झिरपते. नैसर्गिक रबराच्या पिशवीतून ती त्यामानाने लवकर कमी होते.

नियम व प्रमाणीकरण : इंग्लंडमधील फुटबॉल संघटनेने १८७२ मध्ये चेंडूचा परीघ निश्चित केला, दाब आकड्यांत सांगण्याची प्रथा त्यानंतरची आहे. प्रमाणीकरणाच्या अभावी कसे प्रसंग ओढवत, याचे बोलके उदाहरण म्हणजे ३० जुलै १९३० रोजी माँटेव्हिडिओ येथे झालेला पहिल्या जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना. अर्जेंटिना व उरुग्वाय या दोन्ही संघांनी आपापल्या चेंडूचा आग्रह धरल्याने पूर्वार्ध अर्जेंटिनाच्या व उत्तरार्ध उरुग्वायच्या चेंडूने खेळविण्यात आला. पूर्वार्धाअखेर अर्जेंटिना २–१ असा पुढे होता. सामना उरुग्वायने ४–२ असा जिंकला. दुसऱ्या महायुद्धानंतर चांगल्या कातड्याच्या टंचाईमुळे इंग्लंडच्या एफ्. ए. चषकाच्या १९४६ व १९४७ या लागोपाठच्या दोन्ही अंतिम सामन्यांत चेंडू फुटला.

सध्याच्या नियमांनुसार फुटबॉलचा परीघ ६८ ते ७० सेंमी., वजन ४१० ते ४५० ग्रॅ. आणि हवेचा दाब समुद्रसपाटीला ०·६ ते १·१ वातावरण (दर चौ. सेंमी.ला ६०० ते १,१०० ग्रॅ.) असावा लागतो. व्हॉलीबॉलमध्ये हा दाब दर चौ. सेंमी.ला केवळ ०·३० ते ०·३२५ किग्रॅ. असतो, कारण तेथे चेंडू उघड्या हातांवर घ्यावा लागतो. अमेरिकन फुटबॉलच्या राष्ट्रीय लीगमध्ये तो दर चौ. इंचाला १२·५ ते १३·५ पौंड असा ठरविलेला आहे.

दाबाचे शास्त्र : वरील सर्व आकडे बाहेरील वातावरणाच्या दाबापेक्षा आतील दाब किती अधिक आहे, हे दर्शवितात. त्यामुळे आतील हवा तेवढीच राहूनही बाहेरील परिस्थितीनुसार चेंडू अधिक कठीण किंवा मऊ होतो. उदा., समुद्रसपाटीला ०·८ वातावरण दाबाने भरलेल्या चेंडूतील एकूण दाब १·८ वातावरण असतो. सु. ३,६०० मी. उंचीवरील बोलिव्हियातील ला पास येथे बाहेरील दाब सु. ०·६५ वातावरण असल्याने, तापमान तेच राहिल्यास, चेंडूचा अधिक दाब १·१५ वातावरण होतो, म्हणजे नियमातील कमाल आकड्याच्याही वर जातो. अशा ठिकाणी थोडी हवा काढणे आवश्यक ठरते. विमानात हवेचा दाब सामान्यतः ०·७५ वातावरणाच्या खाली जाऊ देत नाहीत. तेव्हा चांगल्या स्थितीतील चेंडू तेथे फुटत नाही, परंतु जुन्या वा अती फुगविलेल्या चेंडूच्या शिवणीवर ताण येतो. म्हणून प्रवासापूर्वी हवा कमी करणे हिताचे असते. तापमानाचा परिणामही असाच होतो. २५° से. तापमानाला ०·८ वातावरण दाब असलेला चेंडू उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत ६०° से.पर्यंत तापला, तर त्याचा दाब १ वातावरणाच्या आसपास जातो. थंडीत तो उलट कमी होतो.

हवा कमी केल्याचा वाद : या शास्त्राला न्यायालयीन महत्त्व आले ते १८ जानेवारी २०१५ रोजी अमेरिकेतील फॉक्सबरो येथे न्यू इंग्लंड पेट्रिअट्स व इंडियानापोलिस कोल्ट्स यांच्यात झालेल्या सामन्यामुळे. या लीगमध्ये प्रत्येक संघ आक्रमणासाठी स्वतःचे चेंडू पुरवितो. मध्यंतरात पेट्रिअट्सच्या ११ चेंडूंचा दाब मोजला असता तो किमान मर्यादेपेक्षा कमी आढळला. मऊ चेंडू पकडण्यास सोपा असल्याने संघाच्या सेवकांनी सामन्यापूर्वी सुईने हवा काढली असावी, असा संशय घेण्यात आला. मे २०१५ मधील चौकशी अहवालाने, हे घडले असण्याची शक्यता न घडण्यापेक्षा अधिक आहे आणि प्रमुख खेळाडू टॉम ब्रेडी याला त्याची सर्वसाधारण कल्पना असावी, असा निष्कर्ष काढला. ब्रेडीला चार सामन्यांची बंदी व संघाला दहा लाख डॉलर दंड झाला. ब्रेडीने आरोप नाकारला. जिल्हा न्यायालयाने बंदी सप्टेंबर २०१५ मध्ये रद्द केली. अपील न्यायालयाने ती एप्रिल २०१६ मध्ये पुन्हा कायम केली आणि २०१६ च्या हंगामात तिची अंमलबजावणी झाली.

अनेक शास्त्रज्ञांनी या निष्कर्षावर आक्षेप घेतले. खोलीच्या २२° से. तापमानाला १२·५ पौंड दाबाने भरलेला चेंडू ९° से.पर्यंत थंड झाल्यास, कोणीही हात न लावता, त्याचा दाब सु. ११·३ पौंड होतो. सामन्यापूर्वीच्या मापांची नोंद केलेली नव्हती आणि मध्यंतरात वापरलेल्या दोन दाबमापकांची मापे परस्परांशी जुळत नव्हती. विशेष म्हणजे मध्यंतरापर्यंत १७–७ असा पुढे असलेल्या पेट्रिअट्सने चेंडूंत पुरेशी हवा भरल्यानंतर आणखी २८ गुण मिळवून सामना ४५–७ असा जिंकला. खरोखर काय घडले याविषयी मतभेद कायम आहेत. तथापि मोजमाप कोणी, केव्हा व कोणत्या साधनाने केले याची नोंद नसेल, तर निर्दोष व दोषी यांत भेद करणे कठीण होते, हा धडा या प्रकरणाने घालून दिला. माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न अशा वेळी एका सुईच्या छिद्राएवढ्या गोष्टीवर येऊन ठेपतो.

हवा काढण्याची सुरक्षित पद्धती : सुईच्या झडपेच्या चेंडूतून हवा काढताना पंपापासून वेगळी केलेली सुई वापरतात. सुई स्वच्छ व सरळ असावी. ती ग्लिसरीन, सिलिकॉन तेल किंवा निदान पाणी लावून ओली करतात. खनिज तेलाने रबर खराब होते. कोरडी सुई रेटल्यास झडप आत ढकलली जाण्याचा किंवा फाटण्याचा संभव असतो. चेंडू स्थिर धरून सुई सरळ रेषेत हलकेच आत घालावी लागते; ती तिरपी घातल्यास तिचे टोक पिशवीच्या भिंतीला छिद्र पाडू शकते. बाहेर पडणाऱ्या हवेबरोबर धूळ उडत असल्याने चेहरा व डोळे बाजूला ठेवणे इष्ट असते. हवा आपोआप निघू द्यावी किंवा तळहातांनी मंद दाब द्यावा. चेंडूवर उभे राहिल्यास सुई वाकते वा मोडते. खिळा, टाचणी किंवा सायकलची तार यांचा उपयोग केल्यास झडप कायमची निकामी होते. सुई सरळ बाहेर काढली, की झडपेतील चीर आतील दाबाने आपोआप मिटते.

साठवणुकीसाठी चेंडू पूर्णपणे चपटा करीत नाहीत. घड्यांच्या ठिकाणी पिशवी चिरते व आवरणाचे तुकडे सुटू लागतात. म्हणून गोलाई टिकेल इतकी हवा आत ठेवतात. पुन्हा वापरण्यापूर्वी दाबमापकाने दाब पाहणे आवश्यक असते, कारण अंगठ्याने दाबून केलेला अंदाज फसवा ठरतो.

अलीकडील प्रवृत्ती : कातार येथील २०२२ च्या जागतिक फुटबॉल स्पर्धेतील चेंडूच्या मध्यभागी संवेदक बसविलेला होता. अशा चेंडूला हवेबरोबर विद्युत् भारही पुरवावा लागतो. २०२३ मध्ये अमेरिकेत त्रिमितीय मुद्रणाने तयार केलेला, जाळीदार व मुळीच हवा नसलेला बास्केटबॉल प्रदर्शित करण्यात आला. असे चेंडू सर्वत्र रूढ झाले, तर फुगविण्याचा व हवा काढण्याचा प्रश्नच उरणार नाही. तूर्त मात्र गावोगावच्या मैदानांवर हवेचाच चेंडू खेळला जातो आणि त्याचे आयुष्य बव्हंशी ओल्या सुईवर व संयमी हातावर अवलंबून राहते.