फी माफ झाली, पण राहायचे कुठे?

स्मरणिका समितीने मला ‘संगणक क्षेत्रातील माझी वाटचाल’ असा विषय दिला होता. त्यावर सांगण्यासारखे फार नाही; बरीचशी वाटचाल खुर्चीत बसूनच झाली. त्याऐवजी तयारीच्या बैठकीत निघालेल्या एका वाक्याबद्दल लिहिते. ‘हुशारी आणि कष्ट असले की गरिबाचं पोरही वर येतंच, आपलीच बॅच बघा ना,’ असे कोणीतरी म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. आपल्या वर्गात हुशारी होती, कष्टही होते. पण दहावीनंतर शहरात गेलेल्यांची आणि गावात राहिलेल्यांची यादी मनाशी करून पाहा. गुणांच्या क्रमाने ती लागत नाही. ज्यांचा मामा पुण्यात किंवा काका ठाण्यात होता, ज्यांना कोणाच्या तरी घरात अंथरूण टाकण्यापुरती जागा होती, ते गेले. ही जागा महाराष्ट्रात कोणाला, कधी आणि कोणामुळे मिळत गेली, हा आपल्या इतिहासाच्या पुस्तकात तुकड्यातुकड्यांनी आलेला विषय आहे.

एकोणिसाव्या शतकात हायस्कूल म्हटले की जिल्ह्याचे गाव. तिथे शिकायला आलेल्या गरीब ब्राह्मण मुलासाठी एक जुनी सोय होती: वार लावून जेवायचे, म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, नाहीतर माधुकरी मागायची. ते दिवस सुखाचे नव्हतेच. गोपाळ कृष्ण गोखल्यांचे वडील गेल्यावर थोरले बंधू गोविंदराव पंधरा रुपयांच्या नोकरीला लागले आणि त्यातले आठ रुपये कोल्हापुरात शिकणाऱ्या गोपाळला पाठवू लागले. गरिबी खरीच होती. तरीही वाराची सोय मिळायची ती गरीब म्हणून नव्हे, जातीमुळे. तितक्याच गरीब कुणब्याच्या किंवा महाराच्या मुलाला त्या शहरात कोण रोज ताट वाढणार होते? आज ज्याला आपण ‘ओळखीपाळखी’ म्हणतो, तिचा हा जुना अवतार.

जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले, त्यात पैशाचा हिशेब मांडला. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या मुलांवर होतो, अशी त्यांची तक्रार होती. प्राथमिक शिक्षण बारा वर्षांच्या वयापर्यंत तरी सक्तीचे करा, ही मागणीही त्यात होती. पुढे गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक आणले, ते 1912 मध्ये 13 विरुद्ध 38 मतांनी पडले. मुले शाळेत बसली तर शेतावर मजूर कुठून आणायचे, ही जमीनदारांची काळजी त्या वेळी उघड बोलली गेली. मला हा आक्षेप प्रामाणिक वाटतो. शिक्षणाने कोणाचे काय जाते, ते त्यात स्पष्ट दिसते.

शाहू महाराजांनी 1917 साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. पण माझ्या मते त्यांचे मोठे काम त्याआधीच सुरू झाले होते. 1901 मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. मग जैन, मुस्लिम, लिंगायत आणि 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. जातवार वसतिगृहे आज खटकतात. पण सर्वांसाठी म्हणून असलेल्या वसतिगृहात प्रत्यक्षात एकाच जातीची मुले राहतात, हे महाराजांनी पाहिले होते, आणि एका पंगतीला बसायला कोणी तयार नसण्याचा तो काळ. खेड्यातल्या मुलाला शाळा दिसत होती. रात्री पाठ टेकायला जागा आणि दोन वेळची भाकरी दिसत नव्हती. ती त्यांनी दिली.

त्याच कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये भाऊराव पाटील नावाचा मुलगा होता. मिस क्लार्क बोर्डिंगच्या कार्यक्रमाला जाऊन आल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हायला त्याने नकार दिला आणि बोर्डिंग सुटले. याच भाऊरावांनी 1919 मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह चालवायला घेतले. मुले स्वयंपाक करीत, शेतात राबत, आणि त्या श्रमातून शिक्षणाचा खर्च काही अंशी निघे. उरलेला खर्च लक्ष्मीबाईंच्या अंगावरून उतरला. दागिने गेले आणि शेवटी मंगळसूत्रही गेले, तेव्हा मुलांच्या जेवणाची सोय झाली. कर्मवीरांचा फोटो आपण सगळ्यांनी पाहिलाय. लक्ष्मीबाईंचा किती जणांनी?

डॉ. आंबेडकरांना या जागेची किंमत कोणी सांगायची गरज नव्हती. परळच्या चाळीतल्या एका खोलीत अभ्यासाला शांतता मिळायची ती मध्यरात्रीनंतर. वडील त्यांना लवकर झोपवत आणि पहाटे दोनला उठवत. बहिष्कृत हितकारिणी सभा 1924 मध्ये स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी जानेवारीत तिने सोलापूरला वसतिगृह सुरू केले. इतकी कामे समोर असताना सुरुवातीलाच वसतिगृह निवडले गेले, याकडे मी लक्ष वेधू इच्छिते.

मुलींसाठी पंडिता रमाबाईंचे शारदा सदन 1889 चे, कर्व्यांचा विधवाश्रम 1896 चा. दोन्ही ठिकाणी निवारा आधी, शाळा त्याला जोडून.

स्वातंत्र्यानंतर मात्र सरकारचे लक्ष फीवर गेले. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना 1959 मध्ये ईबीसी सवलत आली. जात न पाहता, पालकांचे वार्षिक उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर फी माफ. आपल्या आधीच्या पिढीतले कितीतरी शिक्षक, तलाठी, डॉक्टर या सवलतीचे. ऐंशीच्या दशकात मुलींना बारावीपर्यंत फी माफ झाली. 1983 पासून खासगी अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली आणि 1993 च्या उन्नीकृष्णन निकालाने त्यांतल्या निम्म्या जागा कमी फीच्या ‘फ्री सीट’ झाल्या. उरलेल्या निम्म्या पेमेंट सीट. त्या मुलांच्या फीतून आमची भरपाई व्हायची. 2002 च्या टी. एम. ए. पै निकालाने ही पद्धत मोडली. म्हणजे ती जेमतेम दहा वर्षे टिकली आणि आपली बॅच नेमकी त्या दहा वर्षांत बारावी झाली. हे नशीब हुशारीच्या खात्यात जमा करता येत नाही.

मी त्याच फ्री सीटवर शिकले. फी आण्णांना झेपण्यासारखी होती. मेस आणि हॉस्टेल मिळून तिच्याहून जास्त होत होते, ते झेपणारे नव्हते. चिंचवडला आत्याच्या दोन खोल्या होत्या. तिच्या स्वयंपाकघरात, रात्री भांडी आवरल्यानंतर, माझी जागा. आपल्या वर्गातल्या एकीचे दहावीला गणितात माझ्यापेक्षा जास्त गुण होते, हे सरांनाही आठवत असेल. तिला चिंचवडला आत्या नव्हती. मुलगे चार-पाच जण मिळून एखादी खोली घेत, शाळेच्या रात्रीच्या अभ्यासिकेत झोपायची सवय त्यांना होतीच. अभ्यासिकेतून आम्हा मुलींना नऊ वाजता घरी पाठवत, ते योग्यच होते. पण शहरातही मुलीसाठी ‘कुठेही राहील’ हा पर्याय नव्हता.

आता काय आहे? अनुसूचित जातीच्या ज्या मुलांना शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळत नाही, त्यांच्यासाठी 2016-17 पासून स्वाधार योजना आहे. तिच्यात जेवण आणि निवासाचे पैसे थेट खात्यात येतात. इतर काही प्रवर्गांसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे. 2024-25 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. मोठा निर्णय आहे. त्यात वसतिगृह आणि मेस येत नाही. भत्त्याचे पैसे वर्ष उलटल्यावर आले तर घरमालक तोवर थांबत नाही.

आपल्या बॅचच्या निधीतून शाळेला कमान बांधून द्यावी असा प्रस्ताव आहे. माझे मत त्याविरुद्ध आहे, आणि ते बैठकीत बोलण्याऐवजी इथे लिहून ठेवते. दरवर्षी आपल्या शाळेतल्या दोन मुलींची पुण्यातली खोली आणि मेस आपण उचलावी. प्रवेश जाहीर झाल्या झाल्या पैसे हातात पडावेत. पावत्या नंतर पाहता येतील. पहिल्या दोघींना खोली मिळेपर्यंत माझ्या घरी जागा आहे. मेळाव्याच्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर ज्यांना यावर बोलायचे आहे त्यांनी दहावी ‘ब’च्या वर्गात थांबावे.