दुभाष्याचे पाठभेद

वारज्याहून कर्वे रस्त्याने निघून नळ स्टॉपला विधी महाविद्यालय रस्त्याकडे वळले की थोड्याच अंतरावर भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर लागते. तसेच पुढे गणेशखिंडीकडे गेले की विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आहे. पहिल्या संस्थेत 1919 ते 1966 या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. दुसरीतील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या प्रतिमांतून ‘अलकनंदा’ ही सर्पिल दीर्घिका शोधल्याचे 2025 मध्ये जाहीर झाले. या दोन कामांना जोडणारा एक धागा संगणकाच्या इतिहासात आहे आणि साहित्याच्या अभ्यासकाने त्याकडे पाहायला हवे, कारण त्याचा विषय वाचन हा आहे.

सी भाषेतील प्रोग्राम चालण्यापूर्वीच प्रोसेसरच्या आज्ञांमध्ये भाषांतरित झालेला असतो. जावास्क्रिप्ट किंवा लुआ यांसारख्या स्क्रिप्टिंग भाषांचा मजकूर मात्र आयत्या वेळी दुसरा एक प्रोग्राम वाचतो आणि त्याप्रमाणे वागतो. हा दुभाष्या म्हणजेच त्या भाषेचे इंजिन. चूक मजकुरातही असू शकते आणि दुभाष्याच्या वाचनातही. दुसऱ्या प्रकारची चूक शोधणे अधिक अवघड, कारण मजकूर कितीही वेळा तपासला तरी तो निर्दोषच दिसतो. नागरी हस्तलिखितातला ‘ख’ कोणी ‘रव’ असा वाचला, तर त्यात मूळ कवीचा काय दोष?

जुन्या प्रोसेसरांवर असे ‘ख’ आणि ‘रव’ पावलोपावली भेटतात. सर्वांत प्रसिद्ध प्रकरण संख्येच्या क्रमाचे. मोठी संख्या स्मृतीच्या लागोपाठच्या घरांत ठेवताना मोठा भाग आधी ठेवायचा की लहान? मोटोरोलाच्या 68000 ने पहिला मार्ग धरला, इंटेलने दुसरा. डॅनी कोहेन यांनी 1 एप्रिल 1980 रोजी या वादावर टिपण लिहिले आणि दोन्ही पंथांना स्विफ्टच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मधील अंडे फोडणाऱ्यांची नावे दिली. ती नावे आजही चालतात. आपल्याकडे हा प्रश्न अपरिचित नव्हता. शब्दांकांनी शक सांगताना अंक उजवीकडून डावीकडे मांडायचे, हा संकेत ठाऊक नसलेला वाचक ‘नेत्र-बाण’ याचे बावन्न न करता पंचवीस करील.

एआरएम या प्रोसेसरच्या इतिहासात तर दोन्ही पंथांचा विचित्र संकर झाला. जावास्क्रिप्टमध्ये सर्वसाधारण संख्या 64 बिटांची द्विमान चल-बिंदू संख्या म्हणून साठवली जाते. जुन्या एआरएमवर या संख्येचे दोन अर्धे उलट क्रमाने ठेवण्याची एक पद्धत होती, आणि ती शेष व्यवस्थेशी जुळत नसे. चिन्ह आणि घातांक कोणत्या अर्ध्यात आहेत हे गृहीत धरून चालणारे इंजिन तेथे भलत्याच अर्ध्यात डोकावे. मोझिलाच्या जावास्क्रिप्ट इंजिनाच्या जुन्या मजकुरात केवळ या कारणासाठी लिहिलेली वेगळी अट सापडते. मला अशा ओळी प्रतिलेखकाच्या समासातील टीपेसारख्या वाटतात.

याहून कपटी वर्तन चारने भाग न जाणाऱ्या पत्त्यावरून शब्द वाचण्याचे. 68000 अशा वेळी, निदान विषम पत्त्यावर, हरकत घेऊन थांबतो. पाचव्या आवृत्तीपर्यंतचे अनेक एआरएम मात्र कुरकुर न करता बाइट फिरवून काहीतरी हाती ठेवतात. थांबणारे यंत्र शोधकाचा मित्र असते. गुळगुळीत, सुवाच्य आणि चुकीचा पाठ देणारे यंत्र त्याला आठवडेच्या आठवडे फिरवते. विष्णु सीताराम सुकथनकरांनी 1925 मध्ये महाभारताचे संपादन हाती घेतल्यावर सुबोध पाठापेक्षा दुर्बोध पाठाला झुकते माप दिले ते याच संशयातून. उपायही त्यांचाच: एका साक्षीवर विसंबायचे नाही, एकच वाक्य अनेक प्रतींत ताडून पाहायचे. इंजिनाचा शोधक एकच चाचणी दोन वेगळ्या प्रोसेसरांवर चालवतो आणि निकाल जेथे प्रथम फुटतात तेथे बोट ठेवतो.

मंगळावर 4 जुलै 1997 रोजी उतरलेल्या पाथफाइंडरची गोष्ट थोडी वेगळी आहे. यानाचा संगणक मधूनच स्वतःला पुन्हा सुरू करीत असे. हवामानाचे कनिष्ठ काम एका सामायिक साधनाची किल्ली धरून बसे. मधल्या दर्जाची कामे त्याला पुढे सरकू देत नसत. त्यामुळे त्या किल्लीसाठी थांबलेले वरिष्ठ काम वेळेत पुरे होत नसे. आपल्या सरकारी कचेऱ्या पाहिलेल्यांना अधिक स्पष्टीकरण नको! पृथ्वीवरील प्रतिकृतीवर दोष पुन्हा घडवून तो ओळखला गेला. पण दुरुस्ती कशी पोहोचली? यानात सी भाषेतील आज्ञा तिथल्या तिथे वाचणारा एक छोटा दुभाष्या, मूळचा विकासकांच्या सोयीसाठी ठेवलेला, तसाच राहिला होता. त्याच्याकरवी काही स्थिती बदलल्या आणि यान सावरले. मे 1999 मध्ये डीप स्पेस 1 यानावरील लिस्प भाषेतील प्रयोगही असाच अडकला आणि कोट्यवधी मैलांवरून त्याचे निदान झाले. तेथेही चूक दुभाष्याची नव्हती, मजकुराची होती.

25 डिसेंबर 2021 रोजी निघालेल्या वेब दुर्बिणीत हा दुभाष्या सोय म्हणून उरलेला नाही. निरीक्षणांचा क्रमच त्याच्या हाती आहे. कोणता तारा धरायचा, तो सापडला नाही तर पुढच्या निरीक्षणाकडे कसे वळायचे, हे जावास्क्रिप्टमधील मजकूर ठरवतो. तो मजकूर माणसाला वाचता यावा आणि सारे सॉफ्टवेअर पुन्हा न बांधता बदलता यावा, यासाठी ही निवड झाली. प्रोसेसर आहे किरणोत्सर्ग सोसणारा आरएडी750, वेग सुमारे 118 मेगाहर्ट्झ, कुळ 1997 च्या पॉवरपीसी 750 चे. इंजिन आहे नोम्बास कंपनीचे स्क्रिप्टईझ, 2003 च्या सुमारचे. ती कंपनी त्याच काळात ओपनवेव्हने विकत घेतली आणि ते इंजिन बाजारातून नाहीसे झाले.

म्हणजे 15 लाख किलोमीटरवर, जेथे हबलप्रमाणे दुरुस्तीला कोणी जाणार नाही, तेथे एक मजकूर रोज असा दुभाष्या वाचतो आहे ज्याची भाषा पुढे कितीतरी बदलली. उद्या त्या दुभाष्याच्या वाचनात शंका आली, तर नव्या जावास्क्रिप्टचे ज्ञान अपुरे पडेल. तीच जुनी प्रत, तोच जुना प्रोसेसर आणि त्यांच्या सवयी जाणणारा वाचक लागेल. महाभारतासाठी सुकथनकरांना शारदा लिपीतल्या पोथ्या वाचणारे पंडित मिळाले. संगणकाच्या पाठचिकित्सेसाठी असे वाचक तयार करण्याची शिस्त अभ्यासक्रमांत अजून नाही, आणि ती असावी असे मला आग्रहाने वाटते.

अलकनंदेचा जो प्रकाश गणेशखिंडीत अभ्यासला गेला, तो विश्वारंभानंतर सुमारे दीड अब्ज वर्षांनी निघालेला आहे. मंदाकिनी हे आकाशगंगेचे हिंदी नाव, म्हणून तिच्या भगिनी-नदीचे नाव या दीर्घिकेला दिले गेले. तो प्रकाश आरशावर पडला तेव्हा दुर्बीण कोठे रोखलेली असावी हे 2003 च्या सुमाराचा तो दुभाष्याच वाचून सांगत होता.